पुसणीस आणि अकरा लख्ख दिवस

माझ्या मामाला ऑफिसात सगळे 'पुसणीस' म्हणायचे. जुन्या काळी चिटणीस असायचे, फडणीस असायचे, तसा हा पुसणीस. कागदावर त्याचा हुद्दा 'निरीक्षण मदतनीस' असा भारदस्त होता, पण मुख्य काम एकच. हवामान कार्यालयाच्या गच्चीवर दोन यंत्रं होती, काचेच्या वाट्या पालथ्या घातल्यासारखी, आणि त्यांच्या काचा रोज सूर्य उगवायच्या आत पुसायच्या होत्या. एकोणतीस वर्षांत लोक घरं बांधतात, पोटं वाढवतात, निवडणुका हरतात. मामाने काच पुसली.

यंत्रं सोपी होती. पहिल्या वाटीखाली एक काळी तबकडी. काचेतून ऊन आत आलं की ती तापते, आणि किती तापली त्यावरून खालच्या खोलीत आकडा उमटतो. दुसरी वाटी हुबेहूब तशीच, फक्त तिच्याजवळ एक लोखंडी कडं उभं केलेलं. त्याची सावली दिवसभर वाटीवर पडून राहायची, म्हणजे तिला सूर्य कधी दिसायचाच नाही. बाकीच्या आभाळातून जो विखुरलेला उजेड येतो तेवढाच ती मोजायची. मामा पहिलीला 'थोरली' म्हणायचा आणि दुसरीला 'सावलीतली'. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून दर आठवड्याला कडं एक खूण सरकवायचं, तेही त्याच्याकडेच.

पुसण्याचं त्याचं शास्त्र ठरलेलं होतं. त्रेसष्ट पायऱ्या चढायच्या. जुन्या सुती चादरीचा मऊ तुकडा स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, सात वेळा डावीकडून, सात वेळा उजवीकडून फिरवायचा, मग कोरड्या तुकड्याने तेच. शेवटी उकिडवं बसून, एक डोळा मिटून, उजाडणाऱ्या आभाळासमोर काच निरखायची. ती फडकी घरी वेगळ्या बादलीत धुतली जायची. मामीने एकदा त्यातल्या एकाने शेगडी पुसली तेव्हा दोन दिवस अबोला होता. अबोला मामाने धरला होता आणि मामीला तो तिसऱ्या दिवशी कळला, कारण मामा एरवीही फारसं बोलायचा नाही.

काचेचं वेड ऑफिसापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण समोरच्या माणसाच्या चष्म्यावर डाग दिसला की मामाला चैन पडायचं नाही. माझा नवरा त्याला पहिल्यांदा भेटला तेव्हा 'काय करता, कुठे असता' असलं काही न विचारता मामाने त्याच्या नाकावरचा चष्मा उचलला, पुसला, परत बसवला आणि म्हणाला, "आता बोला." नवरा अजून ते विसरलेला नाही.

मामीचं मत मात्र वेगळं होतं, आणि ते ती रोज एकदा तरी मांडायची. "ऑफिसात सूर्याला लख्ख करतात आणि घरात एक पेला धड पुसता येत नाही. बघ, बघ, बोटं उमटलीत." तिची खरी तक्रार पेल्याची नव्हती. नियमाप्रमाणे काच दिवसातून एकदा पुसायची आणि रविवारी ते काम चौकीदाराने करायचं. पहिली दहा-अकरा वर्षं तसंच चाललं. मग मामा रविवारीही जायला लागला. मग दुपारी एक फेरी वाढली आणि संध्याकाळी घरी निघताना आणखी एक. अठरा वर्षांत त्या दोघांनी कुठे मुक्कामाला म्हणून जाणं केलं नाही. मामीला समुद्र बघायचा होता. रेल्वेने एका रात्रीचा रस्ता होता. "काच काय पळून जातेय?" असं ती विचारायची आणि मामा पाणी प्यायला आत जायचा. का जातोस म्हणून कोणी खोदून विचारलं तरी तो ताकास तूर लागू द्यायचा नाही.

त्याच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते तेव्हा मी शाळेच्या प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस त्यांच्याकडे उतरले होते, म्हणून पुढचा सगळा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर झाला. मोठ्या शहरातून एक संशोधक मॅडम आल्या होत्या. हवेत तरंगणाऱ्या कणांचा अभ्यास हा त्यांचा विषय. धूर, धूळ, काजळी, गाड्यांच्या नळकांड्यांतून निघतं ते, असे डोळ्यांना न दिसणारे कण. त्यांनी ऑफिसातले एकोणतीस वर्षांचे आकडे मागवले, ढगाळ दिवस बाजूला काढले आणि उरलेले ओळीने मांडले. तर थोरलीचा आकडा वर्षागणिक उतरत गेलेला. एकोणतीस वर्षांत शंभरातले नऊ भाग ऊन गायब.

हे ऐकून मोठे साहेब खुर्चीत पुढे सरकले. साहेब नवीन होते आणि आल्यापासून कोणाला तरी खुलासा मागायची संधी शोधत होते.

"यात अभ्यास कसला करायचा?" ते म्हणाले. "सूर्य काय झिजतो? काच घाण राहिली असणार. बोलवा पुसणीसांना."

मॅडमनी हळूच सांगितलं की जगात इतर ठिकाणीही असं दिसलं आहे, हवेतले कण ऊन अडवतात. मामानेही धीर करून म्हटलं, "साहेब, हवा खरंच पूर्वीसारखी राहिली नाही." साहेब हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं." त्यांच्या स्वतःच्या चष्म्यावर अंगठ्याचा अख्खा ठसा होता, असं मामाने घरी सांगितलं. त्या दिवशी तो घरी एवढंच बोलला.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. त्या उतरत्या रेघेत दहा वर्षांपूर्वीचे सलग अकरा दिवस असे निघाले की आकडा एकदम वर उडालेला. अकरा दिवस लख्ख ऊन, बाराव्या दिवसापासून पुन्हा जैसे थे. मॅडम म्हणाल्या, हे काय आहे ते कळलं पाहिजे. साहेबांना ते आधीच कळलं होतं. "त्या अकरा दिवसांत काच नीट पुसली गेली. बाकीची एकोणतीस वर्षं नाही." असा निकाल देऊन त्यांनी लेखी खुलासा मागितला. शुक्रवारपर्यंत समाधानकारक उत्तर आलं नाही तर थोरलीचे एकोणतीस वर्षांचे आकडे 'अविश्वसनीय' असा शिक्का मारून अभ्यासातून आणि दप्तरातून बाद होणार होते.

मामाने घरी येऊन महिना आणि तारखा सांगितल्या तेव्हा मामीच्या हातातली कढई तशीच राहिली. कारण हजेरीच्या वहीत सह्या मामाच्या असल्या तरी त्या अकरा दिवसांत काच मामाने पुसलीच नव्हती. मामीने पुसली होती.

झालं होतं असं. त्या वर्षी वाहनांचा मोठा संप झाला. बस नाही, ट्रक नाही, कोळसा येईना म्हणून वीटभट्ट्या आणि कारखानेही थंड. संपाच्या पहिल्याच पहाटे मामा शेजाऱ्याची सायकल घेऊन निघाला. सायकल त्याने वीस वर्षांत चालवली नव्हती आणि सायकलला ते पहिल्याच वळणावर कळलं. पाय मोडला. खाटेवरून तो पहिलं वाक्य बोलला ते "काच" असं होतं. शेवटी मामी दोन मैल चालत गेली. ऑफिसात संपामुळे कोणी फिरकत नव्हतं, चौकीदार घरचाच होता, गुपचूप अकरा दिवस निभावले. बाराव्या दिवशी बस सुरू झाली तसा मामा प्लास्टर घालून हजर झाला आणि त्रेसष्ट पायऱ्या बसून, पाठमोरा, एकेक करत चढला. वहीतल्या अकरा सह्या त्याने त्या दिवशी एका दमात केल्या.

जेवण झाल्यावर मामाने टेबलावर एक काचेचं भांडं पालथं घातलं आणि फडकं मामीपुढे ठेवलं.

"तेव्हा कशी पुसली होतीस, दाखव."

"जशी पुसतात तशी."

"दाखव म्हणतोय ना."

मामीने ओलं फडकं घेतलं, दोन वेढे दिले, पदराने कोरडं केलं आणि मोकळी झाली. मामाने ते भांडं उचलून दिव्यासमोर धरलं. डाग नव्हता. मग त्याने स्वतः पुसलं, सात डावे, सात उजवे, पुन्हा कोरडे चौदा, आणि दिव्यासमोर धरलं. त्यावरही डाग नव्हता.

"काही फरक दिसत नाही," मी म्हणाले.

"यंत्राला दिसतो," मामा म्हणाला.

मामीच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते लिहितेच. ती खूश झाली. तीस वर्षं जे ती घसा फोडून सांगत होती ते सरकारी यंत्राने लिहून ठेवलं होतं. "मी म्हणत नव्हते?" असं तिने सुरूही केलं. "माझ्या हाताला आहेच ते. आई म्हणायची..." आणि मग तिने मामाकडे पाहिलं. तो फडक्याची घडी घालत होता आणि ती काही केल्या नीट बसत नव्हती. मामी गप्प झाली. माझ्या आठवणीत मामी वाक्य अर्धं टाकून गप्प झाल्याची ती एकमेव वेळ.

गुरुवारी मामाने खुलासा लिहिला. मी वाचला. त्यात संपाचा उल्लेख नव्हता, हवेचा नव्हता. 'त्या अकरा दिवसांत काच माझ्या पत्नीने पुसली. सह्या माझ्या आहेत, त्या खोट्या आहेत. काम तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं हे आकड्यांवरून दिसतं. बाकी दिवसांची जबाबदारी माझी.' मी म्हटलं, "अरे मामा, कुऱ्हाडीवर स्वतःहून पाय कशाला मारतोस?" तो म्हणाला, "आकडा खोटं बोलत नाही." मला इतका राग आला की मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही, आणि माझ्याही अबोल्याचा त्याला पत्ता लागला नाही.

शुक्रवारी मामी सकाळपासून तयार होऊन बसली. "मीही येणार. माझं नाव घेतलंय त्यात." मला तिने सोबत ओढलं. साहेबांच्या खोलीत साहेब, मॅडम, मामा आणि आम्ही दोघी. साहेबांनी खुलासा मोठ्याने वाचला आणि समाधानाने मामीकडे पाहिलं.

"म्हणजे बाई, तुम्ही रोज नीट पुसत होता?"

"नाही," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"चार दिवस पुसली. पाचव्या दिवसापासून मी वर गेलेच नाही."

मामाने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की जणू त्याला घरात दुसरीच बाई सापडली होती.

"त्रेसष्ट पायऱ्या आहेत," मामी साहेबांना सांगू लागली. "दोन मैल चालायचं, वर त्या पायऱ्या, माझे गुडघे तेव्हापासूनच गेले. चौथ्या दिवशी यांनी सांगितलं होतं तसं ते कडं सरकवलं, दोन्ही काचा पुसल्या, आणि खाली उतरताना ठरवलं की बस झालं. पुढचे सात दिवस चौकीदाराच्या खोलीत बसून चहा घ्यायचे आणि परत यायचे. घरी सांगायचे, पुसली. यांना खाटेवर पडल्या पडल्या तेवढंच बरं वाटायचं. विचारा चौकीदाराला, त्याची साखर संपवली मी."

"अगं, दहा वर्षं," मामा म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. नुसतं 'पुसलीस ना?' विचारायचात. मग काय सांगू?"

साहेबांना वाटलं, नवऱ्याला वाचवायला बाई थाप मारतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मॅडमनी मात्र वाद न घालता कागदांचा गठ्ठा ओढला आणि त्या अकरा दिवसांच्या दोन्ही वाट्यांच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ त्यांनी बोट फिरवलं. मग त्या हसल्या.

"काकू खरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "हे बघा. चार दिवस रेघ सरळ. पाचव्यापासून रोज केसभर खाली. आणि दोन्ही वाट्यांत सारखीच खाली. न पुसलेली काच अशी दिसते. धूळ बसली की ती थोरलीलाही झाकते आणि सावलीतलीलाही. तरीसुद्धा हे अकरा दिवस आजूबाजूच्या दिवसांपेक्षा लख्खच आहेत. मग ऊन आलं कुठून?"

"संप होता," मामी म्हणाली. "बाजारात बटाटासुद्धा येत नव्हता. गाड्या बंद, भट्ट्या बंद. आमच्या गच्चीवरून पलीकडची टेकडी दिसायला लागली होती. मला वाटलं, नवीनच झाली."

मॅडमनी एकोणतीस वर्षांची मोठी रेघ उलगडली आणि मामाला जवळ बोलावलं.

"काका, तुमची काच घाण असती तर दोन्ही वाट्या उतरल्या असत्या. पण थोरली उतरलीय आणि सावलीतली चढलीय. एकोणतीस वर्षं, दर वर्षी थोडी थोडी. सूर्य पाठवतो तेवढंच पाठवतो, वाटेत वाटेकरी वाढलेत. हवेतले कण सरळ येणारं ऊन अडवतात. काही परत वर फेकतात, काही आभाळभर उधळतात, आणि ते उधळलेलं सावलीतलीला मिळतं. काजळी तर थोडं स्वतःच पिऊन टाकते आणि आजूबाजूची हवा तापवते. संपात कण नव्हते, म्हणून थोरली वर आणि सावलीतली खाली. बाराव्या दिवशी गाड्या सुरू, पुन्हा उलट. आणि काकूंनी सात दिवस चहा घेतला म्हणून मला न पुसलेली काच कशी दिसते तेही कळलं. तशी उतरण तुमच्या अख्ख्या दप्तरात दुसरीकडे कुठेच नाही."

"पण मग जग तापतंय म्हणतात ते?" साहेबांनी मध्येच अडवलं. हरलेल्या माणसाला दुसरा विषय लागतो.

"तापतंयच. हा कणांचा पडदा वरून थोडी सावली धरतो, त्यामुळे सगळी उष्णता अजून आपल्या लक्षात आलेली नाही. कण पाऊसवाऱ्याने काही दिवसांत खाली येतात, तापवणारे वायू मात्र पिढ्यान्‌पिढ्या वर राहतात. हवा स्वच्छ केली पाहिजे, माणसं त्या धुराने मरतात. पण पडदा हटला की लपलेला ताप दिसणार."

"म्हणजे धूर चांगला की वाईट?" मामीने विचारलं.

"वाईटच. फक्त वर असताना थोडा गारवा देतो."

"माझी थोरली जाऊ अशीच आहे," मामी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, कपाळ चोळलं आणि म्हणाले की आकडे राहू देत. खोट्या सह्यांचं काय करायचं ते त्यांना सुचेना. मॅडमनी सुचवलं की वहीत त्या तारखांसमोर खरं काय झालं ते लिहून ठेवावं, कारण त्यांच्या अभ्यासाला तेच हवं होतं. म्हणून आजही त्या सरकारी वहीत संपाच्या पाचव्या ते अकराव्या दिवसापुढे 'काच पुसली नाही, चहा' असा शेरा आहे. अक्षर मामाचं आहे. मधल्या वेळात त्याने साहेबांचा चष्मा पुसून ठेवला होता.

निघताना मॅडमनी त्याला एक गोष्ट विचारली. "काका, नियमात एकदाच आहे. तुम्ही तीनदा का पुसायला लागलात? रविवारीसुद्धा?"

मामा दारात थांबला.

"आकडे मीच उतरवून घेतो ना रोज," तो म्हणाला. "अठरा वर्षांपूर्वी लक्षात आलं, कमी कमी होतायत. वाटलं, माझ्याच हाताचं काही चुकतंय. एकदा पुसून होईना म्हणून दोनदा. मग तीनदा. कोणाला सांगणार? काच पुसणाऱ्याला काच पुसता येत नाही म्हणून? म्हणून पुसत राहिलो."

मामीने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि "चला" म्हणाली. बसमध्ये दोघं शेजारी बसले आणि घरी पोचेपर्यंत मामीने ती पिशवी मांडीवरच ठेवली. मी मागच्या सीटवर होते. मला रडू येत होतं आणि चहाचा शेरा आठवून हसूही येत होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी रविवार होता. मी आठला उठले तर मामी स्वयंपाकघरात नव्हती. चहा नाही, भांड्यांचा आवाज नाही. मी त्यांच्या खोलीच्या दारातून डोकावले. उन्हाची तिरीप पलंगावर आली होती आणि मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता, पाय मोडला ते दिवस सोडले तर अठरा वर्षांत पहिल्यांदा रविवारी आठ वाजता अंथरुणात. मामी त्याच्यावर वाकून त्याच्या नाकासमोर बोट धरून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पुढे धावले तशी तिने दुसऱ्या हाताने मला थांबवलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग खाली, जमिनीवरच बसली.

"झोपलेत," ती म्हणाली. "नुसते झोपलेत गं. हळू बोल."